ईदीचे कासव

ईद झाली की आठ-दहा दिवसांत आमच्याकडे एक विचारणा हमखास येते. कधी मीरा रोडच्या नया नगरातून, कधी भाईंदर पूर्वेहून, कधी काशीमिऱ्याहून. विचारणारी बहुतेक वेळा घरातली अम्मी असते आणि गाऱ्हाणे एकच असते. मुलाने ईदीचे पैसे जमवून कासवाचे पिल्लू आणले, चार दिवस झाले, ते तोंडात काही घेत नाही. मुलगा रडवेला झाला आहे, दादी म्हणते मुक्या जिवाला उपाशी ठेवू नका, आणि दुकानदार म्हणतो, "खाएगा, खाएगा, टेन्शन मत लो."

पिल्लूही बहुधा एकाच जातीचे असते. दहा रुपयांच्या नाण्याहून जरासे मोठे, हिरवेगार, डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा. दुकानात त्याला नुसते 'बेबी टर्टल' म्हणतात. त्याचे खरे नाव रेड इअर्ड स्लायडर, म्हणजे लाल कानाचे कासव, आणि त्याचे मूळ घर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आहे. सोबत प्लास्टिकचे एक पसरट भांडे मिळते. मध्ये छोटासा उंचवटा, त्यावर हिरवे प्लास्टिकचे माडाचे झाड. शिवाय एक डबी, सुक्या कोळंबीची नाहीतर लाल-हिरव्या गोळ्यांची. एवढ्या सरंजामावर ते जगेल असे सांगून त्याला आपल्या हवाली केले जाते.

आमचे पहिले उत्तर ठरलेले आहे. खाण्याकडे नंतर बघा, आधी पाणी किती गार आहे ते बघा.

कासव आपल्यासारखी अंगातल्या अंगात ऊब तयार करत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढीच त्याच्या पोटात. चूल पेटवायच्या आधी पातेल्यात डाळ टाकून बसलो तर ती शिजेल का? गार पाण्यातल्या पिल्लाचे पोट असेच असते. त्याला भूकच लागत नाही, आणि चुकून काही पोटात गेलेच तर ते पचत नाही. मग घरातले लोक खाण्याचा प्रकार बदलत राहतात. आज गोळी, उद्या भात, परवा उकडलेले अंडे. पाणी घाण होत जाते, पिल्लू कोपऱ्यात डोळे मिटून बसते आणि पंधराव्या-विसाव्या दिवशी मरते. सगळे म्हणतात, खाल्लेच नाही म्हणून मेले. खरे तर त्याची चूलच कोणी पेटवली नव्हती.

पिल्लाला पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस हवे. बोट बुडवून अंदाज घेऊ नये, कारण आपल्या बोटाला २८ अंशांचे पाणीही गारच लागते. माशांच्या दुकानात पाण्यात सोडायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो घ्यावा. आपल्या मीरा-भाईंदरची हवा समुद्र आणि खाडीमुळे दमट, बरीचशी उबदार, त्यामुळे वर्षातले पुष्कळ महिने पाणी आपसूक ठीक राहते. फसवणाऱ्या गोष्टी दोन. एक म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री. दुसरी, आणि हिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, ती म्हणजे एसी. मूल हट्ट करते की कासव माझ्याच खोलीत राहील. खोलीत रात्रभर एसी चालतो, भांडे लादीवर ठेवलेले असते, सकाळी पाणी विहिरीसारखे गार. दिवसा ते थोडे तापते, रात्री पुन्हा गार होते, आणि मूल विचारत राहते की हे सुस्त का. अशा घरात कासव हॉलमध्ये, टेबलावर ठेवावे. नाहीतर लहान, ठरावीक तापमानाला आपोआप बंद होणारा हीटर लावावा. त्याला जाळी हवीच. उघड्या हीटरला पिल्लू चिकटून बसते आणि भाजते. पाणी बदलण्याआधी हीटरचा प्लग काढायचा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

ऊब आली की पुढे ऊन. या जातीचे कासव नदीकाठी ओंडक्यावर चढून तासन् तास उन्हात पडून राहते. ते आळशीपणाने नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते, त्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम हाडाला लागत नाही, आणि कासवाची पाठ म्हणजे हाडच आहे. ऊन न मिळालेल्या पिल्लाची पाठ दिवसेंदिवस घट्ट होण्याऐवजी मऊ पडत जाते, कडा वर वळतात, पुढे पाय ओढत चालते. हा आजार हळूहळू येतो आणि लक्षात येईपर्यंत बरेच बिघडलेले असते.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. खिडकीतून ऊन येते, टाकी खिडकीपाशी ठेवली आहे, मग झाले की! नाही झाले. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, उष्णता येते, पण कासवाला हवे असलेले ते किरण काच जवळजवळ सगळेच अडवते. ऊन थेट अंगावर पडले पाहिजे. सकाळी नऊच्या आत, गॅलरीत, एका पसरट टबात थोडे पाणी घालून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. टबाच्या अर्ध्या भागावर पुठ्ठा टाकून सावली करावी, म्हणजे तापले की ते स्वतः सरकेल. संपूर्ण उन्हात ठेवलेला लहान टब बघता बघता तापतो आणि पिल्लू त्यात अक्षरशः शिजते. आणि तिथून हलायचे नाही. आपल्या इमारतींवर कावळे आणि घारी किती टपलेल्या असतात ते पापड वाळत घालणाऱ्या बायकांना विचारा. कावळ्याला हे पिल्लू म्हणजे सोललेला दाणा.

पण जून ते सप्टेंबर काय करायचे? त्या चार महिन्यांत ऊन दिसले तर दिसले. त्यासाठी यूव्हीबी दिवा मिळतो. तो घ्यावा लागतो, त्यावर आम्हाला दुसरा मार्ग सुचत नाही. साधा पिवळा बल्ब ऊब देतो, हे किरण देत नाही. निळा किंवा जांभळा दिसणारा प्रत्येक दिवा यूव्हीबी नसतो, खोक्यावर तसे लिहिलेले बघून घ्यावे. दिवा दिसायला पेटत राहिला तरी त्याचे किरण काही महिन्यांनी क्षीण होतात, म्हणून खोक्यावर दिलेल्या मुदतीत बदलावा. दिव्याखाली चढून बसायला कोरडी जागा हवी. अंगाचा थेंबही ओला राहू नये इतकी कोरडी. प्लास्टिकच्या माडाखालचा तो गुळगुळीत उंचवटा निरुपयोगी आहे. पिल्लू चढते आणि घसरते. त्यापेक्षा एक स्वच्छ धुतलेली वीट, तिच्याकडे जाणारा खडबडीत फरशीचा उतार, एवढे पुरते. तिथे ३२ अंशांच्या आसपास ऊब मिळावी.

थोडक्यात काय, कासव शेकड्यांत येते, त्याचा संसार हजारांत जातो. ईदीतून कासव घेताना हा हिशेब मुलाच्या अब्बांनी आधी करावा.

आता नवीन पाहुण्याला रुळू देण्याबद्दल. घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याला उचलायचे नाही. हे मुलांना सांगणे सगळ्यांत कठीण जाते, हे आम्हाला ठाऊक आहे. मित्र येतात, चुलत-मावस भावंडे येतात, प्रत्येकाला तळहातावर घेऊन फोटो हवा असतो. पिल्लाच्या बाजूने विचार करा. जंगलात वरून येणारी सावली म्हणजे बगळा, कावळा, मरण. आपला हातही वरूनच येतो. म्हणून ते मान आत घेते, डोळे मिटते, आणि आपण म्हणतो, लाजाळू आहे. टाकीच्या एका कोपऱ्यात लपायला आडोसा करून द्यावा, टीव्ही आणि दारापासून लांब ठेवावे, आणि मुलांनी समोरून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून बघावे. आठवडाभरात ते ओळखू लागते. जेवण देणारा माणूस जवळ आला की पोहत काचेपाशी येते. कुत्र्या-मांजरासारखे लाड त्याला कळत नाहीत, पण जेवण कोण देतो हे बरोबर कळते.

पाणी किती खोल? दुकानदार सांगतात, अगदी कमी ठेवा, बुडेल. हे पाण्यातलेच कासव आहे, पोहणे त्याला उपजत येते. पाणी निदान त्याच्या पाठीच्या रुंदीपेक्षा जास्त खोल हवे, म्हणजे उलटे झाले तर सुलटे होता येते. उथळ पाण्यात उलटलेले पिल्लू पाय झाडत राहते आणि थकते. सुरुवातीला पाठीच्या लांबीच्या दुप्पट खोली ठीक, आणि चढायला जागा जवळ असावी. दोन फुटांची टाकी किंवा मोठा प्लास्टिकचा टब चालतो. रंगीत बारीक खडे मात्र काढून टाकावेत. पिल्लू ते गिळते आणि आतड्यात अडकतात.

नळाचे पाणी रात्रभर बादलीत उघडे ठेवून मग वापरावे, म्हणजे क्लोरीन उडून जाते. आपल्याकडे पाण्याचे वेळापत्रक आणि टँकरचे नखरे सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळे कासवाची एक बादली नेहमी भरलेली ठेवायची सवय लावावी. नवे पाणी घालताना तेही आधीच्या पाण्याइतकेच उबदार असावे. काढलेले पाणी झाडांना चांगले, खताचे काम करते. पण कुंडीतल्या पुदिन्याला आणि कोथिंबिरीला ते घालू नये. कारण पुढे सांगतो.

जेवण. ऊब आणि उजेड ठीक असतानाही नवीन जागी पिल्लू तीन-चार दिवस खात नाही, कधी आठवडाभर. ते हालचाल करत असेल, डोळे उघडे आणि स्वच्छ असतील, तर घाबरायचे कारण नाही. रोज थोडे द्यावे, अर्ध्या तासाने उरलेले काढून टाकावे.

द्यायचे पाण्यातच. या कासवाला कोरड्यावर गिळता येत नाही. घास तोंडात धरून ते पाण्यात जाते आणि पाण्याबरोबर गिळते. त्यामुळे विटेवर ठेवलेली गोळी तशीच राहते आणि आपल्याला वाटते, आवडली नाही. आम्ही तर सुचवू की जेवणासाठी वेगळा लहान टब करावा. त्यात टाकीइतकेच कोमट पाणी घ्यावे, पिल्लाला सोडावे, जेवण द्यावे, पंधरा मिनिटांनी परत टाकीत. टाकी घाण होत नाही आणि किती खाल्ले ते नेमके कळते. ही सवय मात्र पहिले काही दिवस गेल्यावर, ते हाताला थोडे सरावले की लावावी.

किती द्यायचे याचे एक सोपे माप आहे. त्याचे डोके पोकळ डबी आहे असे समजा, त्या डबीत मावेल इतके. एवढेसे पुरते, यावर दादींचा विश्वास बसत नाही. पण कासवाला पोट भरल्याचे फारसे कळत नाही, दिले की खात राहते, आणि जास्त खाल्लेले पिल्लू वेडेवाकडे वाढते. पहिले सहा महिने ते वर्षभर रोज एकदा, पुढे एक दिवसाआड.

वेळ सकाळची, दिवा लावून किंवा ऊन मिळून तासभर झाल्यावर. रमजानमध्ये मुले सहरीला उठतात आणि कौतुकाने कासवालाही सहरी देतात. त्या वेळी ते गार असते, झोपेत असते. त्याला त्याची न्याहारी उजाडल्यावरच द्यावी.

डबीतली सुकी कोळंबी हे मुख्य अन्न नव्हे. ती नुसती चव आहे, आपल्या पोरांचे कुरकुरे जसे. कासवासाठी बनवलेल्या चांगल्या गोळ्या हा पाया धरावा, पिल्लासाठी बारीक आकाराच्या. त्यासोबत आठवड्यातून दोन-तीनदा ताजे काही. पिल्लू असताना त्याला मांसाहार जास्त लागतो. गांडुळाचा तुकडा, बारीक चिरलेली ताजी मासळी, कवच काढून मिठाशिवाय उकडलेली कोळंबी. मासळीबाजार जवळ असल्याने आपल्याकडे ही सोय आहे, पण एक खबरदारी सांगतो. घरात सुका जवळा, सोडे, सुके बोंबील असतातच, आणि हात पटकन त्या बरणीकडे जातो. त्यांत मीठ असते. गोड्या पाण्यातल्या या जिवाला ते मीठ झेपत नाही. तसेच खिमा, कलेजी, मटणाचे तुकडे नियमाने देऊ नयेत. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतेच. भात, पाव, बिस्किट, दूध, पनीर ही आपली खाणी, त्याची नव्हेत.

पालाही पहिल्यापासून टाकत जावा. पिल्लू बहुधा ढुंकून बघत नाही, तरी टाकावा, कारण मोठेपणी त्याचे अर्ध्याहून अधिक जेवण पालाच असतो आणि सवय लहानपणीच लागते. जास्वंदीची कोवळी पाने आणि फुले, सॅलडचा लेट्यूस, किसलेले गाजर, अधूनमधून शेवग्याचा पाला. पालक आणि माठ घरात रोज असतात, पण त्यातले ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवून धरते, म्हणून ते क्वचितच द्यावे.

कॅल्शियमसाठी महागडी पूड घ्यायलाच हवी असे नाही. माकुलाच्या पाठीतले पांढरे हाड, ज्याला समुद्रफेस म्हणतात, ते टाकीत तरंगत ठेवावे. आपल्या जुन्या लोकांना ते नावाने माहीत असते, हकिमाच्या किंवा काष्ठौषधीच्या दुकानात ते 'समंदर झाग' म्हणून मिळते. उत्तनच्या किनाऱ्यावर फिरायला गेलात तर वाळूत पडलेलेही सापडते. सापडलेले असेल तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून त्यातला खार काढावा आणि उन्हात कडकडीत वाळवावे. पाठीचा कठीण पापुद्रा खरवडून टाकावा. पिल्लू ते कुरतडत राहते.

आता मघाशी पुदिन्याबद्दल म्हणालो ते. कासवाच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याला स्वतःला काही होत नाही, पण आपल्याला होते. जुलाब, ताप, आणि लहान बाळाला तर जिवावरचे दुखणे. अमेरिकेत अशी इतकी लहान मुले आजारी पडू लागली की १९७५ साली तिथल्या सरकारने चार इंचांहून लहान पाठीची कासवे विकायला बंदी केली. लहान मूल एवढेसे पिल्लू सहज तोंडात घालते, हे त्यामागचे मोठे कारण. तेव्हा ज्या घरात पाच वर्षांखालील मूल आहे, गरोदर बाई आहे किंवा फार आजारी वृद्ध आहे, तिथे आम्ही कासव आणू नका असेच सांगतो. बाकी घरांत हात साबणाने धुणे, पिल्लाचा पापा न घेणे, आणि त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये न धुणे एवढे पाळावे. जिथे घरातले लोक वुजू करतात, त्या बेसिनमध्येही टाकी रिकामी करू नये. संडासात ओतावे आणि जागा धुऊन घ्यावी. कासवाचा मग, बादली आणि फडका वेगळे, आणि ते वेगळे आहेत हे कामवालीलाही माहीत असावे. जमिनीवर फिरायला सोडले असेल तर जानमाज अंथरण्याआधी लादी पुसावी, हे दादींना सांगावे लागत नाही, त्याच आपल्याला सांगतात.

आजाराची लक्षणे डोळ्यांत आधी दिसतात. पापण्या सुजून डोळे मिटलेले राहणे, बहुधा अ जीवनसत्त्वाची कमतरता. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, पाण्यात एका बाजूला कलून तरंगणे, हे फुप्फुसाचे दुखणे, यात दिवस घालवू नयेत. पाठीवरचे पारदर्शक पापुद्रे सुटे होऊन गळणे मात्र आजार नव्हे, ती वाढ आहे. जवळचे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर कासवाला हात लावतातच असे नाही. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे. आधी फोन करून सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारावे, लोकलने दादर किंवा प्रभादेवीला उतरावे. नेताना पाण्यात नेऊ नये. झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात ओलसर फडके घालून त्यावर ठेवावे, एवढ्या वेळाला त्याला पाणी लागत नाही.

अजून विकत घेतले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. लाल कानाचे हे कासव परदेशी आहे. घेताना पक्की पावती घ्यावी. परदेशी जातींच्या नोंदणीचे नियम गेल्या काही वर्षांत कडक झाले आहेत, तेव्हा नोंदणी लागते का ते वनखात्याला विचारून घ्यावे. पण कोणी पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव, किंवा आपल्या तळ्यातले मऊ पाठीचे कासव देऊ केले, तर हात लावू नये, फुकट मिळाले तरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही आपली कासवे संरक्षित आहेत. पहिल्या परिशिष्टातला प्राणी घरात सापडला तर तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. वीस नखांचे कासव घरात ठेवले की पैसा येतो, असे सांगून महाराष्ट्रात कितीतरी लोकांना गंडा घातला गेला आहे. आपल्या काही घरांत हेच 'बरकत' या शब्दाने सांगितले जाते. शब्द बदलला म्हणून थाप खरी होत नाही.

आणि आता सगळ्यांत अवघड भाग. हे नाण्याएवढे पिल्लू नीट सांभाळले तर पंचवीस-तीस वर्षे जगते. मादी वाढून २५ सेंटिमीटरच्या पुढे जाते, जेवायच्या ताटाएवढी. तिला तीनशे-चारशे लिटरची टाकी लागते. नर की मादी हे तीन-चार वर्षे कळतही नाही, त्यामुळे 'शेरू' पुढे 'शेरनी' निघण्याची तयारी ठेवावी. आज तिसरीत असलेला तुमचा मुलगा तेव्हा स्वतःच्या मुलांना ईदी वाटत असेल. वन बीएचकेमध्ये, जिथे पाहुणा आला की गादी कुठे टाकायची हा प्रश्न पडतो, तिथे हा विचार आधीच करायला हवा.

तो न केल्यामुळे काय होते? दोन-तीन वर्षांत कासव बशीएवढे होते, पाण्याला वास मारू लागतो, मुलाचे लक्ष क्रिकेटकडे गेलेले असते. मग एका जुम्म्याला अब्बा ते पिशवीत घालतात आणि नवघरच्या किंवा मांदलीच्या तलावात सोडून येतात. मनात हेतू वाईट नसतो. एका बंदिवान जिवाला आझाद केले, सवाब मिळाला, असेच वाटते. पण हा जीव त्या तलावाचा नाही. जगभर जिथे जिथे तो सोडला गेला तिथे त्याने मूळच्या कासवांची उन्हाची जागा आणि खाणे बळकावले, मासे आणि बेडकांची पिल्ले फस्त केली. म्हणून आययूसीएन या जागतिक संस्थेने सर्वांत घातक अशा शंभर परक्या जातींत त्याचे नाव घातले आहे. युरोपने १९९७ साली त्याची आयातच बंद केली. काही जण उत्तनला नेऊन समुद्रात सोडतात. गोड्या पाण्यातला जीव खाऱ्या लाटांत सोडणे याला आझादी म्हणता येत नाही.

हदीसमध्ये एका बाईचा उल्लेख आहे, जिला एका मांजरीमुळे शिक्षा झाली. तिने मांजरीला बांधून ठेवले, खायला दिले नाही आणि स्वतः शोधून खायलाही मोकळे सोडले नाही. आपल्या टाकीतल्या जिवालाही स्वतः काही शोधता येत नाही. मग झेपत नसेल तर? ओळखीत टाकी आणि इच्छा दोन्ही असलेले घर शोधावे, ज्या दुकानातून घेतले तिथे परत घेतात का विचारावे, किंवा वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करून प्राणी सांभाळणारी संस्था विचारावी. वेळ लागतो, दोन-चार फोन करावे लागतात. तलाव पाच मिनिटांवर आहे म्हणून तो उपाय ठरत नाही.

आणि सगळे नीट करूनही पिल्लू गेले, तर मुलाला "दुसरे आणू" असे पटकन म्हणू नका. अबू उमैर नावाच्या लहान मुलाचा पाळलेला चिमुकला पक्षी मेला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाशी त्या पक्ष्याचे नाव घेऊन बोलणे केले. एवढी मोठी जबाबदारी शिरावर असताना एका मुलाच्या पक्ष्याची चौकशी करायला त्यांना सवड होती.

जाता जाता, मे महिन्याबद्दल. आपल्यापैकी पुष्कळ घरे तेव्हा पंधरा-वीस दिवस गावी जातात, महाड, माणगाव, चिपळूण, रत्नागिरी. मोठे कासव आठवडाभर कमी खाऊन राहते, पिल्लाला मात्र दोन-तीन दिवसांपुढे तसे ठेवू नये. गोळ्यांची मूठ टाकून कुलूप लावणे म्हणजे पाणी सडवून जाणे. शेजारच्या खालांकडे किल्ली द्यावी, आणि गोळ्या रोजच्या मापाने कागदाच्या पुड्यांत बांधून, प्रत्येक पुडीवर वार लिहून द्याव्यात. नाहीतर खाला मायेने रोज मूठभर टाकतील. दिव्याची वेळ, बादलीची जागा आणि हीटरचा प्लग कुठला, हे निघायच्या दोन दिवस आधी एकदा दाखवून ठेवावे, गाडीच्या घाईत नव्हे.